साठीनंतरची योगासनं: समज आणि वस्तुस्थिती

धारला काय नि देवासला काय, माळव्यातल्या मराठी घरांत साठी उलटलेल्या माणसाला योगासनं सुचवली की ठरलेलं उत्तर येतं: ‘आता हाडं वाकायची नाहीत, या वयात काय शिकायचं?’ सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो हा समज. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या माणसांनी आठ आठवडे पायांना वजन लावून व्यायाम केला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली होती. शिवाय योग म्हणजे शीर्षासन नव्हे. खुर्चीवर ताठ बसावं, हात न टेकता सावकाश उठावं, तितक्याच सावकाश बसावं, श्वास कुठेही रोखू नये. स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून क्षणभर एका पायावर उभं राहावं. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

‘मी रोज टेकडीची चक्कर मारतो, मला गरज नाही,’ असं देवासकर आजोबा म्हणतात. चालणं उत्तमच, ते सोडू नये. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही करावेत, असं म्हटलं आहे. न्हाणीघरात पाय घसरला, की सावरतो तो तोल. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये साठीपुढच्यांवरचे २२ अभ्यास एकत्र तपासले. काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांचा तोल, झोप आणि मनाची उभारी चांगली आढळली.

उलट टोकाचा समजही तितकाच घातक: ‘प्राणायाम करा, गोळ्या सुटतील.’ देवासनेच याचं उत्तर पाहिलं आहे. गायक कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ साली कोरड्या हवेसाठी इथे आले. गाणं बंद, अंथरूण धरलेलं. १९५० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध मिळालं आणि पत्नी भानुमतीबाईंनी मनापासून शुश्रूषा केली, तेव्हा ते बरे झाले. मग उरलेल्या श्वासाच्या बळावर त्यांनी आपली गायकी नव्याने उभी केली. आधी औषध, मग श्वासाची साधना, हाच क्रम.

काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळा. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकू नका. रक्तदाब असेल तर श्वास कोंडू नका. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा, आणि मग उद्या सकाळीच खुर्ची भिंतीला टेकवून सुरुवात करा.