सव्वादोन मीटरचं जाळं

महिलांच्या व्हॉलीबॉलमध्ये जाळं २.२४ मीटरवर बांधतात. चीनची झू तिंग १९८ सेंटिमीटर उंच. थायलंडची सेटर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी) नूतसरा तोमकोम अवघी १६९. आशियाई महिला व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धेची गोष्ट या फरकातूनच सांगावी, कारण नुसती विजेत्यांची यादी कंटाळवाणी आहे. १९७५ साली मेलबर्नमध्ये ती सुरू झाली (व्हॉलीबॉलच्या आशियात ऑस्ट्रेलियाही मोडतो). २०२३ पर्यंतच्या २१ स्पर्धांपैकी १३ चीननं जिंकल्या, ५ जपाननं, ३ थायलंडनं. चौथ्या कुणालाही सुवर्ण मिळालेलं नाही. भारताच्या पदरी तर एकही पदक नाही.

उंचीवरचा पहिला तोडगा जपानचा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघातल्या बहुतेक मुली एका कापड गिरणीच्या संघातल्या होत्या. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दायमात्सू चेंडूमागे झेपावून, जमिनीवर लोळण घेऊन पुन्हा उभं राहण्याचा सराव करून घेत. तो इतका निर्दय होता की आजही वाचताना अंगावर काटा येतो. पुढच्याच वर्षी चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी त्यांना चीनमध्ये शिकवायला बोलावलं. चीनकडे उंची होतीच. लांग पिंगच्या पिढीनं १९८१ ते १९८६ या काळात विश्वचषक, जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिक मिळून सलग पाच जागतिक विजेतेपदं घेतली. गंमत अशी, की याच काळात १९८३ मध्ये फुकुओकाला आशियाई विजेतेपद मात्र जपाननं पटकावलं. त्यानंतर १९८७ ते २००५ सलग दहा वेळा चीनच.

ही मक्तेदारी मोडल्यावर खरा नवा विचार आणला तो थायलंडनं. प्रशिक्षक कियात्तिपोंग यांच्याकडे उंच मुली नव्हत्या, म्हणून त्यांनी अचूक वेळ साधण्यावर भर दिला. नूतसरा चेंडू उंच उडवून स्मॅश मारणारीची वाट पाहत बसत नसे; तिच्या हातात चेंडू यायच्या आतच दोन-तीन जणी धावत सुटलेल्या असत. प्लूमजित थिनकाओ सेटरच्या पाठीमागून धावत येऊन एका पायावर उडी घेई. पलीकडच्या उंच मुलींनी कुणासमोर हात उभारायचे? दोघींचा ब्लॉक जुळेपर्यंत चेंडू जमिनीवर. मात्र पहिला पास नेमका सेटरच्या डोक्यावर यायला हवा. तो दोन हात इकडेतिकडे झाला की सगळा डाव कोलमडतो. म्हणून हा संघ एखाद्या दिवशी कुणालाही हरवतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाकडूनही हरतो.

२००९ मध्ये हनोईला या मुलींनी अंतिम सामन्यात चीनला ३-१ हरवलं. २०१३ मध्ये घरच्या नाखोन रात्चासिमात जपानला सरळ तीन सेटमध्ये. २०२१ च्या नेशन्स लीगआधी थाई चमूत करोना शिरला तेव्हा याच पिढीतल्या ज्येष्ठांना पुन्हा बोलावून संघ उभा करावा लागला. त्यानंतर त्या बाजूला झाल्या, आणि २०२३ मध्ये पुन्हा नाखोन रात्चासिमातच पोर्नपुन, चत्चू-ओन यांच्या नव्या संघानं चीनला पाच सेटमध्ये नमवलं.

एवढं असूनही थायलंडचा महिला संघ ऑलिंपिकमध्ये एकदाही खेळलेला नाही. थायलंडनं ही आशियाई विजेतेपदं मिळवली तेव्हा त्यांचा ऑलिंपिकच्या पात्रतेशी थेट संबंध नव्हता. २०१२ मध्ये टोकियोतल्या पात्रता फेरीत शेवटचा सामना जपान सर्बियाकडून २-३ हरला, तरी त्या निकालानं दोघंही लंडनला गेले आणि थायलंड बाहेर राहिलं. जानेवारी २०२० मध्ये तर नाखोन रात्चासिमातच, घरच्या प्रेक्षकांसमोर, किम यिओन-क्युंगच्या दक्षिण कोरियानं त्यांना ३-० हरवून टोकियो ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं आणि तिथं चौथा क्रमांक काढला. हा तोच कोरिया, ज्याला आशियाई अजिंक्यपद कधीच जिंकता आलेलं नाही. आता नियम बदलला आहे: २०२६ च्या खंडीय विजेत्याला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये थेट प्रवेश मिळणार आहे.