शालेय गोळीबार

शालेय गोळीबार : शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठ यांच्या आवारात विद्यार्थी, शिक्षक वा अन्य कर्मचारी यांच्यावर अग्निशस्त्राने केलेला हल्ला. व्यापक अर्थाने शाळेच्या आवारात बंदूक झाडली गेल्याच्या कोणत्याही घटनेस ही संज्ञा लावली जाते आणि त्यामुळेच निरनिराळ्या नोंदींतील अशा घटनांची संख्या परस्परांशी जुळत नाही. समाजशास्त्र व गुन्हेशास्त्र यांत मात्र तिचा मर्यादित अर्थ अभिप्रेत असतो : शाळा हेच लक्ष्य मानून, पूर्वयोजना करून अनेकांवर केलेला गोळीबार. असा हल्ला करणारा बहुधा त्या शाळेचा आजी वा माजी विद्यार्थी असतो. दोन व्यक्तींतील भांडणातून झालेली हत्या, टोळ्यांतील संघर्ष, तसेच दहशतवादी संघटनांनी शाळांवर केलेले हल्ले (उदा., बेस्लान, रशिया, २००४, पेशावर, पाकिस्तान, २०१४) यांचा समावेश या मर्यादित अर्थात होत नाही, कारण त्यांची कारणे आणि त्यांवरील उपाय भिन्न आहेत.

अशा घटना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (यापुढे अमेरिका) सर्वाधिक घडल्या आहेत. तथापि तेथेही त्या विरळच होत. त्या देशात शालेय वयाच्या मुलांच्या ज्या हत्या होतात, त्यांपैकी शाळेत घडणाऱ्या हत्यांचे प्रमाण शेकडा तीनहून अधिक नसते. संख्येने अल्प असूनही या घटनांचा परिणाम खोलवर होतो. कारण मूल घराबाहेर जेथे सर्वांत सुरक्षित असावे असे पालक गृहीत धरतात, त्या जागेवरील विश्वासच त्यांमुळे ढळतो. घटनेनंतर ‘हे अचानक कसे घडले ?’ असा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. या विषयाच्या अभ्यासातून निघालेला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा, की बहुतेक हल्ले अचानक घडलेले नसतात. त्यांची तयारी दीर्घकाळ चाललेली असते आणि तिची चाहूल कोणाला ना कोणाला आधी लागलेली असते. प्रतिबंधाची शक्यताही याच वस्तुस्थितीत दडलेली आहे.

प्रमुख घटना : १ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्याने केलेला गोळीबार हा आधुनिक काळातील या प्रकारचा पहिला मोठा हल्ला मानला जातो. ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रिऑल (कॅनडा) येथील अभियांत्रिकी विद्यालयात १४ स्त्रियांची हत्या झाली. हल्लेखोराने स्त्रियांनाच वेचून लक्ष्य केले होते. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन या छोट्या गावातील प्राथमिक शाळेत ४३ वर्षे वयाच्या एका इसमाने १६ मुले व त्यांची शिक्षिका यांना ठार केले. हा हल्लेखोर शाळेबाहेरचा होता आणि त्याच्याजवळची चारही पिस्तुले कायदेशीर परवान्याची होती.

कोलोरॅडो राज्यात लिटल्टननजीकच्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी व एक शिक्षक यांची हत्या करून आत्महत्या केली. दूरचित्रवाणीमुळे ही घटना जगभर पाहिली गेली. पुढील अनेक हल्लेखोरांनी तिचे अनुकरण केल्याने ती या विषयाच्या इतिहासातील दुभाजक रेषा ठरली. त्यानंतरच्या घटनांत एरफुर्ट (जर्मनी, २००२, १६ ठार), व्हर्जिनिया टेक विद्यापीठ (अमेरिका, २००७, ३२ ठार), योकेला व काउहायोकी (फिनलंड, २००७ व २००८), विनेन्डेन (जर्मनी, २००९, १५ ठार), रीओ दे जानेरो (ब्राझील, २०११, १२ मुले ठार), न्यूटाउनमधील सँडी हुक प्राथमिक शाळा (अमेरिका, २०१२, २० मुले व ६ प्रौढ ठार), पार्कलँड (अमेरिका, २०१८, १७ ठार), युव्हाल्डी (अमेरिका, २०२२, १९ मुले व २ शिक्षिका ठार), बेलग्रेड (सर्बिया, २०२३) आणि ग्राझ (ऑस्ट्रिया, २०२५) यांचा उल्लेख करावा लागेल. व्हर्जिनिया टेक येथील मृतांत भारतीय वंशाचे एक प्राध्यापक व मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी यांचाही समावेश होता.

समज आणि वस्तुस्थिती : घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत जे स्पष्टीकरण प्रसृत होते ते पुष्कळदा चुकीचे असते आणि तरीही तेच लोकांच्या स्मरणात राहते. कोलंबाइनचे हल्लेखोर लांब काळे कोट घालणाऱ्या एका टोळीतील होते, सहाध्यायांनी छळल्यामुळे त्यांनी खेळाडू विद्यार्थ्यांवर सूड उगवला, असे त्या वेळी सांगितले गेले. प्रत्यक्षात त्यांनी उपाहारगृहात ठेवलेले मोठे बाँब फुटले असते, तर कोणताही भेद न होता शेकडो विद्यार्थी मारले गेले असते. हल्ल्याची आखणी कित्येक महिने चालू होती. त्यांपैकी एकाने इंटरनेटवर दिलेल्या धमक्यांबाबत १९९८ मध्येच एका कुटुंबाने तक्रार केली होती. घरझडतीसाठी प्रतिज्ञालेखाचा मसुदाही तयार झाला होता; परंतु तो न्यायाधीशापुढे कधीच ठेवला गेला नाही.

हल्लेखोर विशिष्ट साच्यातला असतो, हा दुसरा समज होय. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस व शिक्षण विभाग यांनी १९७४ ते २००० या काळातील ३७ घटना व त्यांतील ४१ हल्लेखोर यांचा संयुक्तपणे अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. हल्लेखोराचे उपयुक्त ठरेल असे कोणतेही ठरावीक व्यक्तिचित्र नसते, असे त्यातून स्पष्ट झाले. त्यांत हुशार व मागे पडलेले, एकाकी व मित्रपरिवार असलेले, सुस्थितीतील व विस्कटलेल्या घरांतील असे सर्व प्रकारचे विद्यार्थी होते. म्हणून केवळ अबोल स्वभाव, पोशाख वा आवडीनिवडी यांवरून एखाद्या मुलाकडे संशयाने पाहणे निरर्थक तर आहेच, शिवाय त्या मुलावर अन्याय करणारेही आहे. मनोविकार हे एकमेव कारण मानणेही योग्य नाही. मनोविकाराने ग्रस्त असलेल्या व्यक्तींपैकी बहुसंख्य कधीही हिंसाचार करीत नाहीत.

कारणमीमांसा : कोणत्याही एका कारणाने या घटनांचा उलगडा होत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कॅथरिन न्यूमन यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या व २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अध्ययनात पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात, असे प्रतिपादिले आहे : आपल्याला समवयस्कांत स्थान नाही अशी हल्लेखोराची भावना, ती तीव्र करणाऱ्या मानसिक वा कौटुंबिक अडचणी, हिंसेने प्रतिष्ठा मिळते असे सुचविणारे सांस्कृतिक नमुने, संकटातील मूल ओळखण्यात शाळेच्या व्यवस्थेला आलेले अपयश, आणि बंदुकीची सहज उपलब्धता. यांपैकी पहिल्या दोन अवस्थांतून असंख्य किशोरवयीन मुले जातात व निभावतात. त्यामुळे त्यांवरून भाकीत करता येत नाही. मात्र उरलेल्या गोष्टींपैकी एक जरी दूर केली, तरी साखळी तुटू शकते.

वर उल्लेखिलेल्या २००२ च्या अहवालातील हल्लेखोरांपैकी बहुतेकांना आपल्यावर अन्याय झाल्याचे वाटत होते. अनेकांचा छळ झालेला होता. शेकडा ७८ हल्लेखोरांच्या मनात पूर्वी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते किंवा त्यांनी तसा प्रयत्न केला होता. अशा हल्ल्यांत पुष्कळदा परहत्येइतकीच आत्महत्येचीही प्रेरणा असते. ही गोष्ट प्रतिबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण निराश झालेल्या मुलास वेळीच मिळालेली मदत त्याचा स्वतःचा जीव वाचविते आणि प्रसंगी इतरांचाही.

पूर्वसूचना : याच अहवालानुसार शेकडा ८१ घटनांत हल्लेखोराच्या विचाराची वा योजनेची कल्पना निदान एका व्यक्तीला आधीपासून होती व ती व्यक्ती बहुधा मित्र, वर्गबंधू वा भावंड होती. प्रौढांपर्यंत मात्र ही माहिती क्वचितच पोहोचली. आपण चहाडखोर ठरू ही भीती, ‘तो नुसते बोलतो आहे’ हा समज आणि सांगून उपयोग होईल याविषयी अविश्वास, ही मौनामागील नेहमीची कारणे होत. उलटपक्षी, सीक्रेट सर्व्हिसने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अध्ययनात टळलेल्या ६७ कटांचा विचार केला आहे. त्यांपैकी बहुतेक कट कोणीतरी, विशेषतः सहाध्यायांनी, ऐकलेले वा पाहिलेले वेळीच सांगितल्यामुळे उघडकीस आले.

सूचना मिळूनही ती वाया जाऊ शकते. डनब्लेनच्या हल्लेखोराचा शस्त्रपरवाना काढून घ्यावा, अशी शिफारस एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ मध्येच केली होती. व्हर्जिनिया टेकच्या हल्लेखोराविषयी प्राध्यापक, वसतिगृह, समुपदेशन केंद्र व पोलीस यांना वेगवेगळी माहिती होती. परंतु ती एकत्र केली गेली नाही. पार्कलँडच्या हल्लेखोराविषयी जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाला (एफबीआय) दूरध्वनीवरून इशारा मिळाला होता. तो स्थानिक कार्यालयाकडे गेलाच नाही. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे ३० नोव्हेंबर २०२१ रोजी एका शिक्षिकेने १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने काढलेले हिंसक चित्र पाहून ते वरिष्ठांना दाखविले. पालकांना बोलावण्यात आले. परंतु मुलाला घरी नेले गेले नाही व त्याचे दप्तरही तपासले गेले नाही. थोड्याच वेळाने त्याने चार विद्यार्थ्यांचा बळी घेतला.

प्रतिबंध : (१) शस्त्रांवरील नियंत्रण : मुलांच्या हाती बंदूक बहुधा घरातूनच येते. २००२ च्या अहवालात हे प्रमाण सु. दोन-तृतीयांश होते. म्हणून घरातील शस्त्र कुलपात व गोळ्यांपासून वेगळे ठेवणे हा सर्वांत साधा व परिणामकारक उपाय होय. विनेन्डेन येथील हल्लेखोराने वडिलांचे शयनगृहात उघडे ठेवलेले पिस्तूल वापरले होते. वडिलांना न्यायालयाने दोषी ठरविले आणि घरातील शस्त्रांची पूर्वसूचनेविना तपासणी करण्याचा अधिकार जर्मन शासनाने अधिकाऱ्यांना दिला. ऑक्सफर्ड प्रकरणी हल्लेखोराच्या आईवडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये डनब्लेनच्या घटनेनंतर पालकांनी व नागरिकांनी उभारलेल्या सह्यांच्या मोहिमेमुळे आणि लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर १९९७ मध्ये दोन अधिनियम संमत होऊन खासगी व्यक्तींना पिस्तुले बाळगण्यास जवळजवळ पूर्ण बंदी झाली. त्यानंतर तेथील शाळांत असे हत्याकांड घडलेले नाही. अमेरिकेत मात्र शस्त्र बाळगणे हा संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीने संरक्षिलेला हक्क आहे आणि नागरिकांजवळील बंदुकांची संख्या लोकसंख्येहून अधिक असल्याचे अनुमान आहे. त्यामुळे तेथे वयोमर्यादा वाढविणे, खरेदीदाराची पूर्वतपासणी करणे आणि धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणे, असे मर्यादित उपाय निरनिराळ्या राज्यांनी योजिले आहेत.

(२) धोक्याचे मूल्यमापन : ‘हा मुलगा कसा आहे ?’ याऐवजी ‘हा मुलगा काय करीत आहे व त्याला कशाची गरज आहे ?’ असा प्रश्न या पद्धतीत विचारला जातो. मुख्याध्यापक, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ व पोलीस अधिकारी यांचे पथक मिळालेल्या माहितीची शहानिशा करते. रागाच्या भरातील उद्गार आणि खरीखुरी तयारी यांत भेद करते आणि त्यानुसार समज, समुपदेशन, उपचार वा पोलीस कारवाई यांची शिफारस करते. व्हर्जिनिया राज्याने २०१३ मध्ये सर्व सार्वजनिक शाळांत अशी पथके अनिवार्य केली. किरकोळ कारणावरूनही विद्यार्थ्यास शाळेतून काढून टाकण्याचे कडक धोरण याहून वेगळे आहे. अशा धोरणाने सुरक्षितता वाढल्याचा पुरावा मिळालेला नाही. शिवाय ज्या मुलाकडे लक्ष ठेवणे आवश्यक असते, तेच शाळेच्या दृष्टीआड होते.

(३) सांगण्याची सोय : कोलंबाइननंतर कोलोरॅडोत नाव न सांगता माहिती देता येईल अशी व्यवस्था उभी राहिली व अन्य राज्यांनी तिचे अनुकरण केले. तथापि यंत्रणेपेक्षा विश्वास महत्त्वाचा असतो. आपले म्हणणे शांतपणे ऐकून घेणारे निदान एक प्रौढ माणूस शाळेत आहे, असे प्रत्येक विद्यार्थ्यास वाटणे हीच या व्यवस्थेची पायाभूत अट होय. मित्राविषयी सांगणे ही चहाडी नसून त्याला केलेली मदत आहे, हे मुलांना समजावून द्यावे लागते.

(४) आवाराची सुरक्षा : आतून बंद होणारी दारे, प्रवेशावर देखरेख, सराव व पोलिसांची तत्परता यांमुळे हानी कमी होऊ शकते. कोलंबाइन येथे विशेष पथकाची वाट पाहण्यात वेळ गेल्याने, हल्लेखोर सक्रिय असताना प्रथम पोहोचलेल्या पोलिसांनीच आत शिरावे, असा दंडक पडला. युव्हाल्डी येथे तो पाळला गेला नाही; शेकडो पोलीस जमूनही हल्लेखोरापर्यंत पोहोचण्यास ७७ मिनिटे लागली. सरावाच्या नावाखाली मुलांना भयभीत करणारी नाट्यमय प्रात्यक्षिके मात्र टाळणे इष्ट ठरते.

(५) वृत्तप्रसिद्धी : कुप्रसिद्धीची ओढ हे अनुकरणामागील एक कारण असल्याने हल्लेखोराचे नाव, छायाचित्र व लेखन यांस अवाजवी प्रसिद्धी देऊ नये, असा आग्रह पीडित कुटुंबे व अभ्यासक धरतात.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही व अशा घटना अत्यंत विरळ आहेत. तथापि डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीनजीक गुरगाव (सध्याचे गुरुग्राम) येथील एका खासगी शाळेत आठवीच्या दोन विद्यार्थ्यांनी वर्गमित्राची घरून आणलेल्या पिस्तुलाने हत्या केली. ही घटना वैयक्तिक वैरातून घडली असल्याने वर सांगितलेल्या मर्यादित अर्थात ती बसत नाही. परंतु घरातील असुरक्षित शस्त्र आणि मुलांतील वैराकडे झालेले प्रौढांचे दुर्लक्ष, हे दोन दुवे तिच्यातही दिसतात.

घडलेल्या हल्ल्यांची चर्चा सर्वत्र होते. टळलेले हल्ले मात्र फारसे नोंदलेही जात नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याने शिक्षकास सांगितलेली गोष्ट, ती गांभीर्याने घेणारा मुख्याध्यापक आणि कपाटाला लावलेले कुलूप, अशा साध्या गोष्टींनी ते टळलेले असतात. शालेय गोळीबाराचा प्रतिबंध हे म्हणूनच केवळ पोलीस यंत्रणेचे काम नसून घर, शाळा आणि कायदा या तिघांची ती एकत्रित जबाबदारी ठरते.