कोळंबीची सालं आणि जांभ्याची माती

मुंबईच्या ससून डॉकवर पहाटेचा लिलाव उरकत आला की कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात चालू होतात. डोकं मोडायचं, साल ओढायची, गर एका टोपलीत टाकायचा आणि उरलेलं दुसरीकडे. १८७५ साली उघडलेल्या या गोदीत हे काम कित्येक पिढ्या चालत आलं आहे. सोललेली कोळंबी बर्फात बसून पुढे जाते. डोकं आणि साल मिळून कोळंबीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग मात्र मागे राहतो. उन्हाने तो काही तासांत कुजू लागतो आणि मग त्याला कचरा म्हणतात.

हा कचरा जगभर साठतो. २०१५ साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये खेकडे, कोळंबी आणि शेवंडीच्या कवचांचा अंदाज मांडला होता: वर्षाला ६० ते ८० लाख टन. त्यात तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांचे शिंपले धरलेले नाहीत. आणि या टाकाऊ मालात शेतीला हवं असलेलं पुष्कळ काही आहे. कोळंबी-खेकड्याच्या सुक्या कवचात साधारण २० ते ४० टक्के प्रथिनं, २० ते ५० टक्के कॅल्शियम कार्बोनेट आणि १५ ते ४० टक्के कायटिन असतं. शिंपल्यांची रचना साधी. ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचेच असतात, म्हणजे रसायनाच्या दृष्टीने चुनखडीच.

आधी या चुन्याकडे पाहू, कारण त्याची ओळख जुनी आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, बूड नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर, आणि आतल्या भागातली जमीन आम्ल. ही वाळू शेतांपर्यंत नेण्यासाठी तिथल्या लोकांनी चक्क कालवा खणला. १८२३ साली तो सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ३५ मैल होती, आणि चढावर चाकं लावलेल्या होड्या तिरप्या रुळांवरून ओढून नेत. इतका खटाटोप निव्वळ शेतात टाकायच्या वाळूसाठी! आपल्याकडे केरळात वेंबनाड सरोवराच्या तळातून काढलेले काळ्या शिंपल्यांचे थर कुट्टनाडच्या आम्ल भातजमिनीत चुना म्हणून वापरले गेले.

कोकणाची अडचण याच जातीची आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही जास्त, पाऊस जांभ्यावर कोसळतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. मग शेतकऱ्याने घातलेलं स्फुरद या दोन धातूंशी बांधलं जातं आणि मुळांच्या हाती फारसं लागत नाही. अशा मातीत बारीक शिंपला चूर्ण मिसळलं तर आम्लता उतरते, स्फुरद मोकळं होऊ लागतं, कॅल्शियमची भर पडते. ‘बारीक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. अख्खा शिंपला जमिनीत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. पिठासारखा दळलेला काही महिन्यांत काम करू लागतो.

कायटिनची गोष्ट याहून वेगळी, आणि जास्त नवलाची आहे. १८११ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला हा पदार्थ प्रथम सापडला तो अळिंबीत. बुरशीच्या पेशींच्या भिंतीत, कीटकांच्या अंगावर, सूत्रकृमींच्या अंड्यांच्या कवचात तोच असतो. जमिनीत कोळंबीची सालं मिसळली की कायटिन पचवणारे जिवाणू आणि ॲक्टिनोमायसीट वाढतात. ते कायटिनेज नावाचं विकर सोडतात. समोर कोळंबीची साल आहे की रोगकारक बुरशी, हा भेद ते विकर करत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी मातीत कायटिन मिसळून फ्युजेरियम बुरशीमुळे होणारी घेवड्याची मूळकुज कमी होते हे दाखवलं. पुढे मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींवरही असाच परिणाम दिसला. तिथे कुजताना सुटणाऱ्या अमोनियाचाही हातभार असतो, कारण शुद्ध कायटिनमध्ये जवळपास सात टक्के नत्र आहे.

वनस्पतींच्या अंगात कायटिन नसतं, तरी त्यांना ते ओळखता येतं. २००६ साली जपानी संशोधकांनी भाताच्या पेशीवर कायटिनचे तुकडे पकडणारं प्रथिन शोधून काढलं. बुरशी चाल करून येते आहे असा संदेश त्यातून मिळतो आणि रोप आपली संरक्षणव्यवस्था जागी करतं. कायटिनपासून केलेल्या कायटोसानची फवारणी याच आधारावर चालते. युरोपीय संघाने २०१४ साली कायटोसान हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणातला मूलभूत पदार्थ म्हणून मान्यता दिली.

इथे थोडं सावध व्हायला हवं. सूत्रकृमींवर ठळक परिणाम दिसलेल्या अनेक प्रयोगांत मातीच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास कायटिनयुक्त माल घातलेला होता. एका हेक्टरच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे वीस लाख किलो भरतं. म्हणजे हेक्टरी वीस टन. रोपवाटिकेत, वाफ्यात, फळझाडाच्या आळ्यात हे जमेल. सगळ्या शेतात नाही. शिवाय इतक्या मात्रेत अमोनिया जास्त झाला तर कोवळी मुळंच करपतात.

दुसरी गोष्ट घाटावरच्या शेतकऱ्याने ध्यानात घ्यावी. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबांना सूत्रकृमी छळतात हे खरं, पण तिथल्या पुष्कळ जमिनी मुळात चुनखडीच्या. त्यांत कवचांचं पीठ ओतलं तर लोह आणि जस्ताची कमतरता आणखी वाढेल. तिथे चुना काढून टाकलेलं कायटिन किंवा कायटोसानच योग्य. ते काढण्याचं तंत्र कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतात विकसित केलं आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना विरघळवायचा, कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढायची, मग तीव्र कॉस्टिक सोड्यात कायटोसान करायचं. पाणी अफाट लागतं, सांडपाणी शुद्ध करावं लागतं. आणि आम्लाबरोबर वाहून जातो तो नेमका कोकणच्या मातीला हवा असलेला चुना.

म्हणून किनाऱ्यालगत तरी साधी वाटच शहाणपणाची वाटते: सालं आणि कुर्ल्यांची कवचं कंपोस्टमध्ये घालावीत. अमेरिकेच्या मेन राज्यात शेवंडीच्या कवचांचं कंपोस्ट पिशव्यांत भरून विकलं जातं. आपल्याकडे जोडीला भाताचा पेंढा, काथ्याचा भुसा, आंब्या-काजूचा पालापाचोळा आहेच. सालींत नत्र इतकं भरलेलं असतं की असा कर्बयुक्त माल भरपूर मिसळला नाही, तर ते अमोनियाच्या वासासकट हवेत जातं. खाऱ्या पाण्यातून आलेला माल आधी गोड्या पाण्याने धुवावा, ढीग ओला राहील पण चिंब होणार नाही असं पाहावं, आठवड्या-पंधरवड्याने उलथावा. वरून मातीचा किंवा जुन्या खताचा थर दिला तर वास दबतो आणि कुत्री-कावळेही लांब राहतात.

यातलं सगळ्यात अवघड काम शेतात नाही, बंदरावर आहे. प्लास्टिक, थर्माकोलचे तुकडे, सडकी मासळी आणि सालं एकाच ढिगात गेली की त्या ढिगाचं खत होत नाही. सोलतानाच दोन वेगळ्या टोपल्या ठेवल्या आणि वेगळा माल त्याच दिवशी उचलला, तर पुढचं सगळं सोपं होतं. मात्र त्या जास्तीच्या टोपलीचे पैसे सोलणारणीच्या मजुरीत धरले गेले पाहिजेत. किलोवर मजुरी घेणारी बाई बिनपैशाचं वर्गीकरण किती दिवस करील? खत विकणाऱ्या संस्थेने, मग ती मच्छीमार सोसायटी असो की बचतगट, हा खर्च पहिल्या ओळीत लिहावा. आणि घेणाऱ्या बागायतदाराने माती तपासून, तिचा सामू पाहून, मृगाच्या आधी ते माडाच्या आळ्यात घालावं.