सोनगड, सागरगड, कुलाबा : बंदिवासाची पन्नास वर्षं

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. भरती आली की वाट पाण्याखाली जाते आणि किल्ल्याचं बेट होतं. शत्रूला अडवायला केलेली ही योजना आत डांबलेल्यांनाही तितकीच घट्ट धरून ठेवत असे. रायगडच्या किनारपट्टीवर आणि तिच्या पाठीमागच्या डोंगरांत असे बंदी किती राहिले, याचा माग काढू लागलं की पहिला थांबा मात्र समुद्रापासून दूर, महाडजवळच्या सोनगडावर लागतो.

१६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तिथे इंग्रजी निशाण लावून तोफा डागायला गेला. गडात अडकलेल्या शिवाजी महाराजांनी हे विसरायचं कारणच नव्हतं. मार्च १६६१ मध्ये राजापूरवर स्वारी झाली, रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार पकडले गेले. आधी वासोटा, मग सोनगड. गडावरून त्यांनी सुरतेला पत्रांमागून पत्रं धाडली. वरिष्ठांचं उत्तर कोरडं होतं : तुम्ही कंपनीचा माल राखताना सापडला नाहीत, पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात म्हणून सापडलात. आपल्याच माणसांनी असं झटकल्यावर त्या गडावर दिवस कसे गेले असतील? शेवटचे कैदी फेब्रुवारी १६६३ मध्ये सुटले.

बंद्यांची पुढची खेप खांदेरी बेटाच्या लढाईतली. मराठ्यांचे मायनाक भंडारी बेटावर तट उभारत होते आणि इंग्रजांना ते रोखायचं होतं. १८ ऑक्टोबर १६७९ च्या झुंजीत ‘डव्ह’ हे त्यांचं गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. त्यावरची माणसं अलिबागमागच्या सागरगडावर नेली गेली. त्यांत गोरे शिपाई होते तसे हिंदुस्थानी खलाशीही होते. गोऱ्यांपैकी काहींची नावं कागदांत टिकली, खलाशी मात्र नुसते आकड्यांत राहिले.

कुलाब्याची गोष्ट सर्वांत जास्त सांगितली जाते. नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबई-कारवार प्रवासातली इंग्रजी जहाजं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने गाठली. त्यांवरचा थॉमस चाऊन तोफगोळ्याने हात तुटून मेला. त्याची गरोदर बायको कॅथरीन कुलाब्यात आली. तीस हजार रुपये खंडणी मोजून मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याने तिला फेब्रुवारी १७१३ मध्ये सोडवलं. इंग्रजी पुस्तकांत यावरून कान्होजींना सरसकट चाचे ठरवलं आहे. मला ते साफ अमान्य आहे. युद्धात पकडलेल्यांना खंडणीवर सोडणं ही त्या काळी युरोपातही रूढ रीत होती, आणि कान्होजी मराठी राज्याचे सरखेल होते. तरी ऐन गरोदरपणी, नवऱ्याचा मृत्यू डोळ्यांसमोर पाहून, त्या बाईने तटाआड काढलेले महिने कुणी हलके समजू नयेत.

आणि आपली माणसं? १६८० च्या ऑगस्टमध्ये मराठ्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या उंदेरी बेटावर चाल केली ती फसली. सिद्दीने ऐंशी मुंडकी होडीत घालून माझगावला नेली. किनाऱ्यावर खांबांवर लावायचा त्याचा बेत होता, तो इंग्रजांनी रोखला. त्या ऐंशी जणांसाठी सुरतेहून पत्र आलं नाही, कुणी तीस हजार मोजले नाहीत. कोळी, भंडारी, मावळे अशाच घरांतली ही माणसं असणार. इंग्रजांच्या दप्तरांत ती केवळ ‘ऐंशी’ आहेत.

त्यांची नावं कुठे सापडलीच तर आपल्याच कागदांत सापडतील. थळ, नवगाव, नागाव, चौल इथल्या जुन्या घरांत अजून मोडी कागदांची गाठोडी असतील. ती रद्दीत घालू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दाखवा.