महामारी, व्हिसा आणि दलाल

मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली, ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. सुटीवर आलेले वसई-गोव्यातील अनेक आखाती नोकरदार गावीच अडकले. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहणाऱ्याचा निवासपरवाना दुबई, कुवेत येथे सर्वसाधारणपणे बाद होतो. काही काळ सवलत मिळाली, तरी पुष्कळांना नव्याने व्हिसा काढणे भाग पडले आणि दलालांचे फावले.

आम्हांस एवढेच स्पष्ट करावयाचे आहे : नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, तेही पावती देऊनच. त्याचा परवाना ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतो. ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, मग पाहू’ हा सल्ला (नात्यातील माणसाने दिला तरी) मानू नये. अशा कामगाराजवळ पगार थकल्यास दाखवावयास करारपत्रही नसते.