ड्रोनचा गॉगल आणि त्याची अँटेना

ड्रोन म्हणजे चार पंख्यांचे छोटे उडते यंत्र. त्याच्या नाकावर कॅमेरा असतो. कॅमेरा जे पाहतो, ते उडवणाऱ्याला डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये दिसते. मध्ये तार नाही, दोर नाही. चित्र येते रेडिओच्या लहरींवर. पुष्कळशा साध्या गॉगलांत ही लहर सेकंदाला सुमारे ५८० कोटी वेळा हलते. तिची लांबी जेमतेम दोन इंच. एवढी बारीक लहर झाडाला अडते, भिंतीला अडते, माणसाच्या अंगालाही अडते. ओल्या पानांपुढे तर ती फारच लवकर हात टेकते.

चित्र गेले की उडवणारा आंधळा झाला. मग ड्रोन कोणाच्या पत्र्यावर पडेल की डोक्यावर, काय सांगावे? म्हणून लोक चांगली अँटेना शोधतात. दुकानदार म्हणतो, "ही घ्या, जास्त ताकदीची." पण अँटेना ताकद तयार करीत नाही, बरं का! ती आहे तेवढीच ताकद हवी तिकडे वळवते.

घरातला कंदील आठवा. त्याचा उजेड चोहीकडे पडतो, पण लांब जात नाही. विजेरीचा झोत लांब जातो, पण बाजूला अंधार राहतो. अँटेनाही अशाच दोन जातींच्या. चोहीकडची असते तिला ओम्नी म्हणतात. ती बहुधा दांडीवरच्या बोंडासारखी दिसते. एका दिशेची असते ती पॅच, चपट्या चौकोनी डबीसारखी. अँटेनेवर 'डीबीआय' असा आकडा लिहिलेला असतो. आकडा मोठा, तितका झोत अरुंद. मोठा आकडा पाहून पैसे मोजले आणि ड्रोन पाठीमागे गेला, तर चित्र गेलेच म्हणून समजा.

ओम्नीलाही एक खोड आहे. तिची लहर मेदूवड्याच्या आकारात पसरते. मध्ये भोक! दांडी उभी असेल आणि ड्रोन नेमका डोक्यावर असेल, तर चित्र फिके पडते.

पुष्कळ गॉगलांना दोन अँटेना लावता येतात. ज्या बाजूचे चित्र चांगले, ते गॉगल आपोआप घेतो. अशा वेळी आम्ही म्हणू, एक ओम्नी घ्या आणि एक पॅच घ्या. दोन्ही सारख्या घेण्यात फारसा लाभ नाही.

आता फिरकीची गोष्ट. चांगल्या अँटेनेतून लहर स्क्रूसारखी फिरत निघते. कोणाची उजवीकडे, कोणाची डावीकडे. उजव्या आट्यांचा नट डाव्या आट्यांच्या बोल्टवर बसतो का? तसेच इथे. ड्रोनवर उजवी आणि गॉगलवर डावी लावली, तर लहरीचा शंभरावा हिस्सासुद्धा मिळणे कठीण. एकीकडे साधी सरळ काडी असेल, तर निम्मी मिळते. फिरकीचा फायदा असा, की भिंतीवर आपटून परतलेल्या लहरीची फिरकी बहुतांशी उलटी होते. गॉगल तिला फारशी दाद देत नाही, म्हणून चित्र फाटत नाही. तेव्हा खरेदीला जाताना ड्रोनवर कोणती फिरकी आहे, ते आधी पाहून जा.

जोडणीचा भागही पाहा. तो दोन तऱ्हांचा असतो, एसएमए आणि आरपी-एसएमए. बाहेरून आटे सारखेच. पण चुकीची जोडी झाली, तर आत भोकासमोर भोक येते आणि दोघांची गाठच पडत नाही. टाचणीसमोर टाचणी आली तर जोडणी मोडते. काही गॉगलांची अँटेना मुळी निघतच नाही. ते आधी विचारावे, मग पाकीट काढावे.

ड्रोनवरचा चित्र पाठवणारा भाग अँटेनेवाचून कधीही चालू करू नका. ताकदीला बाहेर जायला वाट नसते. तो तापतो आणि जळतो.

आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. पण गॉगल चढवला, की आजूबाजूचे काही दिसत नाही. जवळ एक माणूस उभा ठेवावा. त्याने ड्रोनवर नजर ठेवावी.

नवी अँटेना आणली, की लगेच उडवू नका. पंखे काढून ठेवा. एकाने ड्रोन हातात घेऊन झाडामागे, घरामागे चालत जावे. दुसऱ्याने गॉगलमधून पाहावे. चित्र कुठे तुटते, तिथे खूण करावी. मग जुनी अँटेना लावून पुन्हा तसेच चालावे. मात्र हे काम चटकन आटपावे. जमिनीवर पंख्यांचा वारा लागत नाही, आणि चित्र पाठवणारा भाग पाहता पाहता तापतो.