साखळी आणि शब्द

मराठीतील 'वेड' हा शब्द मोठा लवचिक आहे. गाण्याचे वेड, पंढरीचे वेड आपण कौतुकाने सांगतो. तेराव्या शतकात ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे, पिसे म्हणत आणि त्यांच्या पायाही पडत. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या म्हणून हे आपणास ठाऊक आहे. ज्याचे मन खरोखर आजारी आहे, त्याच्या वाट्याला मात्र ही सवलत येत नाही. मनोरुग्णालयांमुळे ठाणे, येरवडा आणि आपल्या बेळगावकडे धारवाड, ही गावांची नावेच थट्टेची होऊन बसली.

थट्टेपासून दगडापर्यंतचे अंतर फार नसते. मनोरुग्ण म्हणजे अंगावर धावून येणारा, ही आपली पक्की समजूत. वास्तव उलट आहे. बहुसंख्य मनोरुग्ण कोणावर हात उगारीत नाहीत. मार खाण्याचा प्रसंगच त्यांच्यावर अधिक येतो. या माराला आपण हिंसा म्हणत नाही, त्याला नवस, उपाय, बंदोबस्त अशी सोज्वळ नावे देतो.

तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने मनोरुग्णांचे खासगी निवारे उभे राहिले होते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एकाला आग लागली आणि २८ रुग्ण प्राणास मुकले. साखळदंडांनी जखडलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. तेथे त्यांना कोणा वैऱ्याने नेले नव्हते. बरे वाटेल या आशेने आप्तांनीच आणून ठेवले होते. गावात उपचार नाही, शहरातला परवडत नाही आणि शेजाऱ्यांची कुजबुज सोसवत नाही, अशा घरांना सरसकट दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

जमावाला मात्र ही सबब नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये केरळातील अट्टप्पाडी येथे एका मनोरुग्ण आदिवासी तरुणाला खाण्याच्या वस्तू चोरल्याच्या संशयावरून हात बांधून मारले गेले, आणि त्या अवस्थेतील त्याच्यासह छायाचित्रेही काढण्यात आली. त्याचा अंत झाला. २०२३ मध्ये न्यायालयाने १४ जणांना दोषी ठरविले.

कायद्याची भाषा समाजाच्या भाषेपेक्षा लवकर सुधारली, असे म्हणावे लागते. १९१२ च्या कायद्यात सरळ 'लुनॅटिक' हा शब्द होता. १९८७ च्या कायद्याने तो टाकून दिला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि त्यात आधी 'व्यक्ती' आहे, आजार नंतर. कलम ९५ नुसार अशा व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. निराधार भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेतले, तर चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत पोहोचवायचे असते. कोठडीत ठेवता येत नाही. कलम १०१ तर थेट आपल्या आळीत येते. घरात एखाद्या रुग्णाचा छळ वा आबाळ होत असेल, तर ते ठाऊक असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. भिंतीपलीकडून साखळीचा आवाज येतो तेव्हा आपण मात्र 'त्यांच्या घरचा प्रश्न' म्हणून खिडकी लावून घेतो.